मोठ्या बाईंची तारीख

‘समर्पित शिक्षिका’ हे दोन शब्द कुणी भाषणात उच्चारले की माझं डोकं फिरतं. शाल, नारळ, फेटा आणि हे दोन शब्द, असा आमच्याकडे निरोप समारंभाचा ठरलेला सरंजाम असतो. ज्यांनी त्या बाईला आयुष्यभर सुखानं काम करू दिलं नाही, तेच माईक हातात धरून सगळ्यात मोठ्या आवाजात समर्पण-समर्पण करतात. आणि समोर बसलेले लोक टाळ्या वाजवतात. त्यातले निम्मे त्याच बाईच्या हातचा मार खाऊन शहाणे झालेले असतात.

म्हणून आमच्या मोठ्या बाईंबद्दल मला गोड-गोड लिहिता येणार नाही. मला राग येतो. तो संस्थेच्या अध्यक्षांचा येतो, गावाचा येतो, माझ्या वडिलांचा येतो, आणि सांगूनच टाकते, बाईंचाही येतो.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. गाव कोल्हापुरातून एसटीनं तासाभराचं, चारी बाजूंनी ऊस. हायस्कूल एका संस्थेचं, आणि संस्थेचे अध्यक्ष तेच साखर कारखान्याचेही अध्यक्ष. त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणायचे. गावातला बहुतेक प्रत्येक बाप्या कारखान्याचा सभासद आणि प्रत्येक पोर साहेबांच्या शाळेत, असा तो कारभार होता. बाई ऐन तरुणपणी विधवा झाल्या, बीएड करून गावात आल्या आणि तिथंच राहिल्या. मी पाचवीत गेले तेव्हा, म्हणजे नव्वद सालानंतर लगेचच, त्या नुकत्याच मुख्याध्यापिका झाल्या होत्या. पांढरी किंवा फिकी साडी, करकरीत चपला, आणि आवाज असा की मागच्या शेतातल्या बैलानंसुद्धा मान वर करावी.

त्या प्रेमळ वगैरे मुळीच नव्हत्या. हातावर पट्टी बसायची ती उभी बसायची. गृहपाठ नाही म्हणून त्यांनी माझं दप्तर एकदा खिडकीतून बाहेर फेकलं होतं आणि मग मलाच आणायला लावलं होतं. आता कुणी असं केलं तर पोलीस येतील, आणि यायलाही हवेत. पण एक गोष्ट त्यांच्या राज्यात कधी घडली नाही, ती म्हणजे मोकळा तास. मास्तर गैरहजर असला की दुसऱ्या शाळांत पोरं खिडकीतून उड्या मारतात. आमच्याकडे दोन वर्गांच्या मधलं दार उघडायचं आणि बाई उंबऱ्यात उभ्या राहायच्या. डाव्या हाताला नववी, उजव्या हाताला आठवी. नववीला गणित घालायचं, ती सोडवेपर्यंत वळून आठवीला इतिहास सांगायचा, पुन्हा वळायचं. दोन्ही वर्गांना वाटायचं बाईंचं लक्ष आपल्याकडेच आहे, आणि खरंच असायचं. यादीत नसलेली सुट्टी त्यांनी कधी दिली नाही. कुणी पुढारी वारला, कुणी निवडून आला, कुणाचा वाढदिवस पडला, शाळा सुरूच. श्रद्धांजली दोन मिनिटांची आणि मग पुढचा तास.

सातवीनंतर माझी शाळा सुटायचीच होती. वडिलांनी तसं ठरवलं होतं. एका संध्याकाळी बाई आमच्या दारात आल्या, कट्ट्यावर बसल्या आणि पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढून तपासायला लागल्या. आईनं चहा आणला, तो घेतला नाही. वडील म्हणाले, “बाई, काय काम हुतं?” बाई म्हणाल्या, “काही नाही. हिचं नाव आठवीत घालतो म्हणेपर्यंत इथंच बसते. वह्या कुठंही तपासता येतात.” दिवे लागले. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. शेवटी वडील शरमेनं की वैतागानं ‘घालतो’ म्हणाले. बाईंनी हातातली अर्धी राहिलेली वही तपासून संपवली आणि मगच उठल्या. अशा किती कट्ट्यांवर त्या बसल्या असतील, मला ठाऊक नाही. आमच्या वर्गात दहावीला ज्या मुली पोचल्या त्यातल्या बहुतेकजणी अशाच आल्या होत्या.

मी पुढं शिकले, कोल्हापुरात राहून बीएड केलं आणि दोन हजार सालानंतर त्याच शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागले. बाई मला तेव्हाही ‘ए’ करूनच हाक मारायच्या. स्टाफरूममध्ये माझं पाठाचं टाचण सगळ्यांसमोर वाचून म्हणाल्या होत्या, “हे तू स्वतः लिहिलंयस की झोपेत?” मी चिडून रडले होते. पण दुसऱ्या दिवशी नीट टाचण काढून नेलं.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात कारखान्याची निवडणूक लागली. साहेबांच्या पॅनेलसमोर पहिल्यांदाच दांडगं पॅनेल उभं होतं. असं झालं की संस्थेच्या शाळांतले मास्तर प्रचाराला जुंपायचे, ही तिथली रीत. ती कुणाला गैर वाटत नाही, हे मला सगळ्यात गैर वाटतं. प्रत्येक मास्तरानं आपापल्या पै-पाहुण्यांची मतं आणून द्यायची. मामाच्या गावाला जा, मेहुण्याला भेट, चुलत सासऱ्याच्या पाया पड. पंधरा-वीस दिवस शाळेत हजेरी घ्यायची आणि पोरांना मैदानात सोडून द्यायचं. गणिताचा मास्तर जीपमध्ये, विज्ञानाचा मास्तर जेवणावळीत तांबडा-पांढरा वाढतोय. समोर दहावीची परीक्षा येऊन ठेपलेली, पण त्याचं कुणाला सोयरसुतक नाही.

निरोप घेऊन पर्यवेक्षक आले. बाईंच्या खालोखाल त्यांचाच नंबर लागायचा. मी ऑफिसात हजेरीपत्रक ठेवायला गेले होते.

“साहेबांनी सांगितलंय, उद्यापास्नं मास्तर मंडळी प्रचाराला,” ते म्हणाले. “आणि बाई मंडळींनी हळदीकुंकू घ्यायचं. शुक्रवारी तीन वाजता, आपल्या शाळेच्या हॉलात. सभासदांच्या बायका येणार हायत. वहिनीसाहेब सोता येणार हायत.”

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे घरोघर हळदीकुंकू चालतं. त्याचा असा उपयोग कुणाच्या डोक्यातून निघाला, तो माणूस मला भेटायला हवा होता.

“शुक्रवारी तीन वाजता हॉलमध्ये दहावीचा सराव पेपर आहे,” बाई म्हणाल्या.

“पेपर काय, सोमवारी घिऊ की.” मग त्यांनी आवाज खाली आणला आणि मेहेरबानी केल्यासारखं म्हणाले, “तुमाला ह्यातनं सूट हाय, मोठ्या बाई. साहेब म्हणाले, हळदीकुंकवात त्यांचं काय काम न्हाई, त्यांनी घरात विश्रांती घ्यावी.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुरोगामी जिल्हा म्हणून छाती फुगवणारी ही माणसं. बाईंच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. म्हणाल्या, “मला सूट दिलीत, बरं झालं. आता शाळा बंद ठेवायची सूट तुम्हाला कुणी दिली, ते सांगा. ज्याला प्रचाराला जायचंय त्यानं रजेचा अर्ज टाकून जावं. मी मंजूर करते.”

अर्ज कुणी टाकला नाही. रजा खर्ची घालून साहेबांची सेवा करण्याइतकी कुणाचीच निष्ठा नव्हती. मास्तर हजेरीवर सही करून मागच्या दारानं जीपमध्ये बसायचे. बाईंनी त्यांच्या नावापुढं लाल शाईनं गैरहजर लिहिलं. मग त्या पंधरवड्यात आम्ही दोघी-तिघी आणि बाई एवढ्यांनीच शाळा ओढली. मधली दारं सगळी उघडी. दहावीच्या पोरी पाचवीला पाढे शिकवत होत्या. बाईंचा घसा बसला, तरी त्या बसक्या आवाजात भूमिती सांगायच्या आणि पोरं न ओरडता ऐकायची.

शुक्रवारी सराव पेपर सुरू झाला. हॉलमध्ये मी आणि बाई पर्यवेक्षणाला होतो. तीनच्या सुमारास बाहेर गाड्या वाजल्या. नऊवारी-सहावारी नेसलेल्या बायका, वाणाचे स्टीलचे डबे, तिळगूळ, साहेबांच्या घरच्या वहिनीसाहेब. पर्यवेक्षक दारातून हातानं खुणा करायला लागले. बाई दाराशी गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “पेपर पाचला सुटेल. तोवर व्हरांड्यात सावली आहे, बसून घ्या.” आणि दार लोटून घेतलं.

बायका बसल्या. मला वाटलं होतं तमाशा होईल, पण त्यातल्या कितीतरीजणींची पोरं आत पेपर लिहीत होती. एकजण खिडकीशी येऊन आपल्या पोराकडं बघत उभी राहिली, ती हलेचना. वहिनीसाहेब मात्र गाडीत जाऊन बसल्या आणि काच वर करून घेतली. मधल्या वेळात पर्यवेक्षक तीनदा आले. बाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पाच वाजता गठ्ठा बांधून झाल्यावर बाईंनी स्वतः दार उघडलं. “या,” म्हणाल्या. पोरांनीच बाकं बाजूला सरकवली. हळदीकुंकू सुरू झालं. बाई गठ्ठा काखेत धरून कडेनं बाहेर निघाल्या होत्या, तेवढ्यात ती खिडकीशी उभी राहिलेली बाई करंडा घेऊन त्यांच्या पुढ्यात आली. बोट कुंकवात बुडवलेलं. पर्यवेक्षकांच्या बायकोनं चटकन तिचा हात धरला. “अगं, त्यास्नी न्हाई चालत,” असं हळू बोलल्याचा आव आणून सगळ्यांना ऐकवलं.

बाई म्हणाल्या, “मला पेपर तपासायचेत,” आणि पायऱ्या उतरून गेल्या. मी तिथं असं काही बोलले की त्यातला एकही शब्द इथं लिहिता येणार नाही. त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

साहेबांचं पॅनेल निवडून आलं. मास्तर शाळेत आले ते डोक्यात आणि कानात गुलाल घेऊन. बाईंनी एकेकाला नळावर पाठवलं आणि मगच वर्गात जाऊ दिलं. त्याच आठवड्यात बाईंची बदली आली. प्रशासकीय सोयीसाठी, असं कागदावर होतं. नेसरीच्याही पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेली संस्थेची एक शाखा. पत्र्याचे तीन वर्ग. तिथं मुख्याध्यापिकेची जागाच नव्हती. बाईंनी साध्या शिक्षिका म्हणून जायचं, आणि ज्याला त्यांनी पूर्वी वर्ग सांभाळायला शिकवलं होतं त्या पोरसवदा प्रभारीच्या हाताखाली काम करायचं. निवृत्तीला अवघी दोन-अडीच वर्षं राहिलेली. पर्यवेक्षक मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसले. दहावीच्या परीक्षेआधी बाईंना त्यांच्या पोरांपासून उचलून नेलं, ह्याबद्दल गावात कुणी चकार शब्द काढला नाही.

मी घरोघर फिरले. शंभर माणसं साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली असती तर बदली थांबली असती, हे मला आजही वाटतं. मी आधी माझ्या घरी बोलले. वडील जेवत होते.

“आपला ऊस हुबा हाय फडात,” ते म्हणाले. “चिटबॉयनं आपली पाळी खाली ढकलली की मे म्हैन्यापतोर वाळतोय त्यो. मग तुझी मोठी बाई येणाराय व्हय कोयता घिऊन तोडाय?”

चिटबॉय म्हणजे कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची ते ठरवणारा कारखान्याचा माणूस. त्याच्या हातात सगळं गाव. मी वडिलांना म्हटलं, “त्या आपल्या कट्ट्यावर बसल्या नसत्या तर मी आज फडातच असते.” ते म्हणाले, “व्हय की. म्हणून काय ऊस वाळवू?” प्रत्येक घरात हेच उत्तर, फक्त शब्द वेगळे. जिथं पोरी शिकून शहरात नोकरीला लागल्या होत्या तिथंसुद्धा हेच. कुणी खोटं बोललं नाही, आणि त्यामुळंच मला जास्त चीड आली. खोटं बोलले असते तर निदान थोडी लाज वाटली असं तरी म्हणता आलं असतं.

बाई एका सकाळी दोन ट्रंका घेऊन एसटीनं गेल्या. पोचवायला मी होते आणि शाळेचे शिपाईमामा होते. बसची वाट बघताना त्या मला दहावी ब मधल्या पोरांचं सांगत होत्या. कोण समीकरणात चिन्हाची चूक करतं, कुणाला चष्मा लागलाय पण घरी सांगत नाही. स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

मी गप्प बसणार नव्हते. कोल्हापुरात बाईंचा एक जुना विद्यार्थी वकिली करत होता. तो म्हणाला, “ही नुसती बदली नाही, पद काढून घेतलंय. न्यायाधिकरणात टिकणार नाही हे. बाईंनी फक्त सही करायची आणि तारखेला उभं राहायचं, बाकी माझ्यावर सोडा.” मी एका रविवारी कागद घेऊन नेसरीच्या पुढं गेले. बाई सही करेनात. मी त्यांच्याशी भांडले, आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला आणि शेवटी रडले. मग त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि सही केली.

तारीख लागली. मी रजा टाकून सकाळीच कोल्हापूर गाठलं. वकील काळा कोट घालून तयार. समोरच्या बाजूला साहेबांचा वकील आणि आमचे नवे मुख्याध्यापक. सुनावणीचा पुकारा होईपर्यंत मी फाटकाकडं डोळे लावून बसले होते. बस चुकली असेल, पंक्चर झाली असेल, गडहिंग्लजला अडकल्या असतील. पुकारा झाला. बाई आल्या नव्हत्या. वकिलानं कशीबशी पुढची तारीख मागून घेतली. नवे मुख्याध्यापक जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, “साहेब म्हणत हुते, बाई येणार न्हाईत. शाळंचा दिस हाय की आज.” आणि हसले. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पुढच्या तारखेलाही बाई आल्या नाहीत. तिसऱ्या वेळीही त्या नव्हत्या, आणि प्रकरण निकालात निघालं. अर्जदाराला स्वारस्य दिसत नाही, अशा अर्थाचं काहीतरी वकिलानं मला समजावून सांगितलं. बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

त्या रविवारी मी पुन्हा बाईंकडं गेले. रस्ताभर काय-काय बोलायचं ते मनात घोळवत होते. खोलीच्या ओट्यावर रविवार असूनही पाच-सहा पोरं पाट्या घेऊन बसली होती. घरी कन्नड बोलणारी पोरं, बाईंना ‘अक्का’ म्हणत होती. बाई त्यांच्याकडून मराठी वाचून घेत होत्या. मला बघितल्यावर त्यांनी पोरांना उतारा मोठ्यानं वाचायला लावलं आणि मला आत नेलं.

मी उभ्या-उभ्याच सुरू केलं. वकील फुकट राबला, मी रजा टाकल्या, साहेबांची माणसं तोंडावर हसली, आणि तुम्ही एक दिवस यायला तयार नाही. बाईंनी मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाल्या, “पहिल्या दिवशी नववीची चाचणी होती. दुसऱ्या खेपेला इथला प्रभारी आजारी होता, तिसरं कुणी नाही. तीन वर्ग कुणाच्या भरवशावर टाकून येऊ?”

“मोकळे राहिले असते एक दिवस. जग बुडालं नसतं.”

“नसतं बुडालं,” बाई म्हणाल्या. “पण मी सोडून नसते आले.”

“साहेबांना हे ठाऊक होतं. त्यांना काहीच करावं लागलं नाही. तारीख शाळेच्या दिवशी पडली की त्यांचं काम झालं.”

“तारखा शाळेच्याच दिवशी पडतात गं. मलाही ठाऊक होतं मी येणार नाही ते.”

“मग सही कशाला केलीत?”

बाहेर कुणीतरी उतारा चुकीचा वाचत होतं. बाईंचा एक कान तिकडंच होता. त्या म्हणाल्या, “तू लई रडत होतीस त्या दिवशी. तुला रिकाम्या हातानं परत कसं पाठवणार?”

आणि बाई त्या पोराचं वाचन सुधारायला बाहेर गेल्या. मी खोलीत उभी होते. एवढा राग मला आजपर्यंत कुणाचाच आलेला नाही.